आशा भोसले : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पार्श्वगायिका आशा भोसले यांचा जन्म 8 सप्टेंबर 1933 रोजी सांगलीत झाला. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या पाच मुलांपैकी त्या एक. लता आणि मीना त्यांच्याहून मोठ्या, उषा आणि हृदयनाथ धाकटे. मराठी आणि हिंदीखेरीज इतरही अनेक भाषांत त्यांनी गाणी गायली. इतक्या दीर्घ कारकिर्दीभोवती दंतकथाही पुष्कळ जमल्या. त्यांतल्या काही अर्धसत्य आहेत, तर काही निव्वळ ऐकीव.

गैरसमज : त्यांची सुरुवात हिंदी चित्रपटांपासून झाली.

वस्तुस्थिती : पहिले गाणे मराठी होते. 1942 च्या एप्रिलमध्ये पुण्यात दीनानाथांचे निधन झाले आणि घर चालवण्याची जबाबदारी मुलांवर येऊन पडली. पुढच्याच वर्षी, 1943 मध्ये, ‘माझं बाळ’ या चित्रपटासाठी दत्ता डावजेकरांच्या संगीत दिग्दर्शनाखाली आशाताईंचा आवाज प्रथम ध्वनिमुद्रित झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे दहाच्या आसपास होते. हिंदीतले पहिले गाणे पाच वर्षांनी, 1948 च्या ‘चुनरिया’त आले, तर पहिले एकल हिंदी गीत 1949 च्या ‘रात की रानी’त.

गैरसमज : ‘भोसले’ हे त्यांनी घेतलेले कलेपुरते नाव आहे.

वस्तुस्थिती : हे सासरचे आडनाव आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी गणपतराव भोसले यांच्याशी लग्न केले. 1960 च्या सुमारास हा संसार मोडला आणि त्या मुलांसह माहेरी परतल्या. तोवर याच नावाने ओळख झाली होती, म्हणून ते कायम राहिले. 1980 मध्ये संगीतकार राहुलदेव बर्मन यांच्याशी विवाह झाल्यावरही त्यांनी ते बदलले नाही.

गैरसमज : संगीतकार ओ. पी. नय्यर यांनीच त्यांना घडवले.

वस्तुस्थिती : नय्यर यांचा वाटा मोठा आहे, पण एकट्याचा नाही. नय्यर यांनी लता मंगेशकरांचा आवाज कधीच वापरला नाही, त्यामुळे त्यांच्या चित्रपटांत आशाताईंना भरपूर वाव मिळाला. बी. आर. चोप्रांच्या ‘नया दौर’ने (1957) त्यांना नायिकेचा आवाज म्हणून प्रस्थापित केले. मात्र त्याआधीच ‘परिणीता’ (1953) आणि ‘बूट पॉलिश’ (1954) या चित्रपटांतून त्या रसिकांपर्यंत पोहोचल्या होत्या. पुढे सचिनदेव बर्मन आणि लताबाई यांच्यात काही वर्षे दुरावा आला. त्या काळात ‘काला पानी’, ‘चलती का नाम गाडी’ आणि ‘सुजाता’ यांतली महत्त्वाची गाणी आशाताईंकडे आली. नय्यर यांच्याशी असलेले सांगीतिक नाते 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात संपले, कारकीर्द मात्र पुढे कित्येक दशके चालू राहिली.

गैरसमज : त्या मुख्यतः कॅबरे आणि उडत्या चालींच्या गायिका.

वस्तुस्थिती : ‘तीसरी मंझिल’ (1966), ‘कारवाँ’ आणि ‘हरे रामा हरे कृष्णा’ (दोन्ही 1971) यांतल्या गाण्यांमुळे हा शिक्का बसला. राहुलदेव बर्मन यांच्या पाश्चात्त्य ढंगाच्या चालींना हवा असलेला श्वासांचा आणि लयीचा खेळ त्यांच्या गळ्यात होता. परंतु ‘उमराव जान’मध्ये (1981) खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गझला गायला लावल्या आणि त्याच गायनासाठी त्यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरा राष्ट्रीय पुरस्कार ‘इजाजत’मधल्या गुलजार यांच्या मुक्तछंदातील गीतासाठी होता.

मराठीत तर हा समज मुळीच टिकत नाही. नाट्यगीत, लावणी, भावगीत, भक्तिगीत असे सारे प्रकार त्यांनी हाताळले. दीनानाथांनी रंगभूमीवर गाजवलेली पदेही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. अमरावतीत जन्मलेले कवी सुरेश भट यांच्या रचना हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केल्या आणि आशाताईंच्या आवाजात त्या महाराष्ट्रभर गेल्या.

गैरसमज : लता आणि आशा एकमेकींशी स्पर्धा करत, एकत्र गात नसत.

वस्तुस्थिती : एकाच क्षेत्रातल्या दोन बहिणींमध्ये तुलना होणारच, आणि आशाताईंच्या पहिल्या लग्नानंतर काही काळ दुरावाही होता. पण ‘पडोसन’ (1968) आणि ‘उत्सव’ (1984) यांच्यासह अनेक चित्रपटांत दोघींची द्वंद्वगीते आहेत. लताबाई ‘आनंदघन’ या नावाने संगीत देत. त्याच नावाने त्यांनी ‘मराठा तितुका मेळवावा’ (1964) या चित्रपटाला संगीत दिले आणि त्यातली लावणी आशाताईंकडून गाऊन घेतली. सई परांजपे यांचा ‘साज’ हा चित्रपट या दोघींचे चरित्र असल्याचे अनेक जण धरून चालतात, पण त्याची कथा काल्पनिक आहे.

गैरसमज : ब्रिटनमध्ये गाजलेले ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ त्यांनी गायले आहे.

वस्तुस्थिती : हे गाणे 1997 मध्ये ‘कॉर्नरशॉप’ या ब्रिटिश बँडने काढले. ते आशाताईंविषयी आहे, त्यांच्या आवाजात नाही. त्याचे रिमिक्स फेब्रुवारी 1998 मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. पॉप संगीतात आशाताईंनी स्वतः केलेले काम वेगळे आहे. 1991 मध्ये त्या बॉय जॉर्जसोबत गायल्या आणि 1997 मध्ये लेस्ली लुईससोबत ‘जानम समझा करो’ हा अल्बम आला. त्याआधी 1995 मध्ये ए. आर. रहमान यांच्या संगीतातल्या ‘रंगीला’त त्यांनी तरुण नायिका ऊर्मिला मातोंडकरसाठी पार्श्वगायन केले. हा चित्रपट त्यांच्या 62 व्या वाढदिवशी प्रदर्शित झाला होता.

गैरसमज : त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला आहे.

वस्तुस्थिती : त्यांना ग्रॅमीची नामांकने मिळाली, पुरस्कार नाही. पहिले नामांकन उस्ताद अली अकबर खाँ यांच्यासोबतच्या ‘लेगसी’साठी होते. दुसरे ‘क्रोनोस क्वार्टेट’ या अमेरिकी वाद्यचमूसोबत राहुलदेव बर्मन यांची गाणी नव्याने मांडणाऱ्या 2005 च्या अल्बमसाठी. भारतातले सन्मान मात्र पक्के आहेत : दादासाहेब फाळके पुरस्कार (2000), पद्मविभूषण (2008) आणि 2020 सालचा महाराष्ट्र भूषण. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा पुरस्कार सात वेळा मिळाल्यावर, 1979 नंतर आपला विचार करू नये, असे त्यांनीच कळवले.

गैरसमज : सर्वाधिक गाण्यांचा गिनीज विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे.

वस्तुस्थिती : गिनीजने 1974 च्या आवृत्तीत लता मंगेशकरांच्या नावावर 25,000 गाणी नोंदवली होती. मोहम्मद रफींनी त्या आकड्याला हरकत घेतली आणि पुढे ती नोंद काढली गेली. 2011 मध्ये गिनीजने आशाताईंचा विक्रम मान्य केला. 1947 पासून वीसहून अधिक भाषांतली सुमारे 11,000 एकल, द्वंद्व व समूहाच्या साथीची गाणी, अशी ती नोंद होती. 2016 मध्ये दक्षिणेतल्या गायिका पी. सुशीला यांची 17,695 गाणी गिनीजने नोंदवली आणि हा विक्रम त्यांच्याकडे गेला.