तलाव उतरतो तेव्हा

पक्षी पाहायला पहाटे निघावं, पाऊल वाजू देऊ नये, तोंड बंद ठेवावं, असं पुस्तकांत सांगितलेलं असतं. आमच्या चंद्रपुरात ते जमत नाही. जुनोन्याच्या तलावाभोवती जंगल आहे आणि जंगलात वाघ. त्यामुळे ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही चार-पाच जण मोठ्यानं गप्पा मारत पाळीवर चढतो. पक्ष्यांचं त्यानं फारसं अडत नाही.

तलाव गोंड राजांच्या काळचा. काठावर जुन्या महालाचे अवशेष आहेत, सोबतच्यांचे मोबाईल आधी तिकडे वळतात. मी उथळ पाण्याकडे जाते. अश्विनात तलावाच्या मधोमध दुर्बीण लावून बसण्यात अर्थ नाही, खरी गर्दी काठाला असते. पानापानांवर लांब बोटं टाकत कमळपक्षी चालतो. त्याच्यात अंडी उबवणं, पिलं सांभाळणं सगळं नराकडे. मादी दुसरा नर शोधायला मोकळी. हे सांगितलं की आमच्या वहिनी फार खूश होतात.

काठाला गर्दी का, याचं उत्तर धानात आहे. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, तिकडे गडचिरोलीत आरमोरी, कुरखेडा, हा सगळा धानाचा आणि तलावांचा मुलूख. भारी धान निसवतं तेव्हा पाऊस परतलेला असतो. मग तलावाचं तुडूम उघडून पाणी बांध्यांत सोडतात. तलाव हळूहळू उतरतो, ओला चिखल उघडा पडतो, आणि त्यातले किडे, गोगलगाई टिपायला शेकाटे, तुतवार, धोबी येतात. उघड्या चोचीचा करकोचा तर मुख्यतः गोगलगाईंवर जगतो. शेतकरी पाणी नेतो म्हणून पक्ष्यांचं ताट वाढलं जातं.

गावोगावचे हे तलाव आधी मालगुजारांच्या ताब्यात. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून हे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे ‘मामा तलाव’. पुढं बऱ्याच ठिकाणी गाळ साचला आणि काठ बेशरमानं व्यापले. फुलं जांभळट, दिसायला बरी; पण बेशरम माजलं की चिखल झाकला जातो आणि पक्ष्याला पाय टेकायला जागा उरत नाही. मला तर ते झुडूप पाहिलं की संतापच येतो.

गावच्या तलावांवर याच दिवसांत ढिवर भाऊ पाण्यात उतरून शिंगाडे काढताना दिसतात. ताजे असतील तर कच्चेच खावेत, उकडलेले नंतर बाजारात मिळतातच.

पट्टकादंब पाहायचे असतील तर मात्र डिसेंबरात या. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे हे हंस दिवसा पाण्यावर विसावतात आणि अंधार पडला की शेतातल्या कोवळ्या पिकात उतरतात. शहरातून आलेल्यांना त्यांचं कौतुक. ज्याच्या शेतात थवा चरून गेला, त्याच्यासमोर ते जरा बेतानं करावं.