विमान-एंजिनाचे शीतन-विश्लेषण

विमानाच्या एंजिनातील भागांची तापमाने गणिताने अगोदर काढून ती सुरक्षित मर्यादेत राहतील अशा शीतनव्यवस्थेचा अभिकल्प करणे, हे अभियांत्रिकीचे एक विशेष कार्य आहे. ते करणाऱ्या विश्लेषक अभियंत्याला उष्णता संक्रमण, द्रायुयामिकी व धातुविज्ञान या तिन्हींची जाण लागते.

पिस्टन एंजिनांत सिलिंडराबाहेरील पातळ धातुपट्ट्यांवरून वाहणारी हवा किंवा पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण यांवर काम भागे. झोत एंजिनात प्रश्न अधिक बिकट असतो. आधुनिक टरबाइनात शिरणाऱ्या वायूंचे तापमान १,५००° से.च्या पुढे जाते. उलट पात्यांच्या निकेल मिश्रधातू सु. १,३००° से.ला वितळू लागतात. म्हणून संपीडकातील काही हवा पोकळ पात्यांतील वळणदार मार्गांतून खेळवून पृष्ठावरील बारीक छिद्रांतून बाहेर सोडतात. बाहेर पडलेल्या हवेचा पातळ थर पाते व तप्त वायू यांमध्ये पडद्यासारखा राहतो. ही ‘थंड’ हवादेखील संपीडनामुळे कित्येकदा ६००° से.च्या आसपास तापलेली असते.

विश्लेषकाची खरी कसोटी येथेच लागते. शीतनाला हवा जास्त दिली, तर एंजिनाची कार्यक्षमता घटते व इंधन वाया जाते. कमी दिली, तर ताणाखालील तप्त धातू हळूहळू लांबत जाऊन पाते निकामी होते. पात्याचे तापमान अंदाजापेक्षा अवघे १५° से.ने जास्त निघाले, तरी त्याचे आयुर्मान जवळजवळ निम्मे होऊ शकते.

या गणनेचा पाया घालणाऱ्यांत सुहास पाटणकर यांचे नाव अग्रगण्य आहे. १९४१ मध्ये पुण्यात जन्मलेल्या पाटणकरांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ मध्ये पदवी, मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतून १९६४ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून १९६७ मध्ये डॉक्टरेट मिळविली. ब्रायन स्पॉल्डिंग यांच्यासह त्यांनी १९७२ मध्ये ‘सिंपल’ ही पद्धत मांडली. प्रवाहातील दाब आधी गृहीत धरावयाचा, त्यावरून वेग काढावयाचे, त्या वेगांनी द्रव्यमानाच्या अक्षय्यतेचा नियम किती मोडला ते पाहून दाब सुधारावयाचा व मेळ बसेपर्यंत हे पुन:पुन्हा करावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. कल्पना साधी दिसते. परंतु दाबासाठी स्वतंत्र समीकरण नसल्यामुळे अडून राहिलेली गणिते तिच्यामुळे सुटू लागली. पुढे मिनेसोटा विद्यापीठात पाटणकरांनी आडव्या प्रवाहात शिरणारे झोत, तसेच एकाच आकाराची पुनरावृत्ती असणाऱ्या नलिकांतील प्रवाह यांवर काम केले. हे दोन्ही प्रश्न पात्याच्या छिद्रांशी व अंतर्गत मार्गांशी थेट निगडित आहेत. त्याच विद्यापीठात अर्न्स्ट एकर्ट व रिचर्ड गोल्डस्टाइन यांचे हवेच्या थराने होणाऱ्या शीतनावरील प्रयोग चालत. पाटणकरांचा १९८० चा ग्रंथ या क्षेत्रात शिरणाऱ्यांचे पहिले पाठ्यपुस्तक ठरला.

विश्लेषकाचे सर्वच दिवस संगणकापुढे जात नाहीत. चाचणी-एंजिनात बसविलेली तपयुग्मे आणि तापमानानुसार रंग बदलणारे लेप यांच्या नोंदींशी त्याला आपली गणिते ताडून पाहावी लागतात. संगणकाने काढलेले चित्र कितीही पटण्याजोगे असले, तरी लेपाचा रंग वेगळा निघाल्यास गृहीतके बदलावी लागतात. संक्षुब्ध प्रवाहाविषयीची तर बहुधा बदलावीच लागतात.

भारतात बंगलोरच्या गॅस टरबाइन संशोधन संस्थेने १९८९ मध्ये मंजूर झालेल्या ‘कावेरी’ एंजिनाच्या निमित्ताने हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. अपेक्षित रेटा न मिळाल्याने २००८ मध्ये हे एंजिन ‘तेजस’ विमानापासून वेगळे करण्यात आले. हैदराबादच्या संरक्षण धातुवैज्ञानिक प्रयोगशाळेने एकस्फटिकी पात्यांचे तंत्र विकसित करून २०२१ मध्ये हेलिकॉप्टर-एंजिनासाठी अशी ६० पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्सला पुरविली.