नवी बॉडी घ्यावी का?

चाकणच्या कारखान्यातल्या पाळ्या सांभाळून आम्ही दोघे भाऊ सुट्टीच्या दिवशी पिंपरी-चिंचवडमध्ये निकाह-वलीम्याचे फोटो काढतो. हाताशी २०१६ साली बाजारात आलेला कॅनन ८०डी आहे. यंदा २०२० चा आर६ घ्यावा, असं धाकट्याच्या मनानं घेतलं. व्याजाचा हप्ता नको होता. म्हणजे अम्मींच्या उमऱ्यासाठी जमवलेल्या रकमेलाच हात लावावा लागणार.

"नव्यात मेगापिक्सेल जास्त असतील," तो म्हणाला. हिशेब उलटाच निघाला: जुन्यात २४, नव्यात २०! अल्बमच्या १२ बाय १८ इंची पानाला तेवढे पुरतात. खरा फरक सेन्सरचा. आर६चा सेन्सर सुमारे अडीचपट मोठा, त्यामुळे हॉलच्या मंद दिव्यातही फोटो स्वच्छ येतो. पण फ्लॅश छताकडे वळवला की आमचंही भागतं. शिवाय जुन्या लेन्सना अडॅप्टर हवा, आणि आमची १८-१३५ लेन्स लहान सेन्सरची असल्यानं तिथे चित्राचा मधला तुकडाच मिळणार.

अडलो ते कार्डापाशी. ८०डीत एकच कार्ड बसतं. आर६मध्ये दोन, आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरवता येतो. गेल्या वर्षी एका निकाहात आमचं कार्ड बिघडलं, निम्मे फोटो गेले. त्यात नवरीच्या नानी होत्या. महिन्याभरात त्यांचा इंतकाल झाला. आम्ही पैसे परत द्यायला गेलो, तर त्या घरच्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

शेवटी ठरलं: निकाहाच्या दिवशी दोन कार्डांची बॉडी भाड्यानं आणायची, भाडं आधीच सांगून बिलात धरायचं. बाकी कामांना ८०डी. धाकटा अजून रुसलेला आहे.