सुपारीतलं तांबं

मे महिन्याच्या अखेरीस श्रीवर्धनच्या वाड्यांतून फिरलं, की पोफळींच्या घोसांवर निळसर पांढरे शिंतोडे दिसतात. हे बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. कोकणातल्या संततधारेत सुपारीला कोळेरोग लागतो, कोवळी फळं कुजून गळतात आणि वर्षाचं उत्पन्न चिखलात जातं. म्हणून मृगाआधीच फवारणी उरकण्याची घाई असते. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. आज गोष्ट सांगायची आहे ती या तांब्याचीच, पण ती वाडीत संपत नाही. माणसाच्या गालाच्या आत, नखाएवढ्या मांसाच्या तुकड्यात ती पुढे सुरू होते.

पेशव्यांच्या मूळपुरुषाचं, बाळाजी विश्वनाथांचं हे गाव. बाहेरगावी मात्र श्रीवर्धन म्हटलं, की लोकांना आधी रोठा सुपारी आठवते. अडकित्त्यात धरली की खांड पांढरंशुभ्र निघतं. इथली सुपारी देवापुढे गणपती म्हणून बसते, लग्नाच्या याद्यांत मानानं असते आणि जेवणानंतर पानाच्या डब्यातून हातोहात फिरते. अशा वस्तूवर संशय घ्यायचा, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या माणसावर संशय घेण्यासारखं आहे. तरी तो घ्यावा लागला.

१९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी आफ्रिकेत केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात एक विचित्र आजार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घशाचे डॉक्टर एस. जी. जोशी यांनी तो इथल्या रुग्णांत पाहून त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आधी तिखट सोसेनासं होतं. आमटीचा पहिला घास घेतला तरी तोंडाची आग होते. मग गालाची आतली गुलाबी त्वचा पांढुरकी पडते, तिच्याखाली दोरीसारखे पट्टे हाताला लागतात आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. काहींना भाकरीचा घास घालणंही कठीण होतं. पुढचं भय याहून मोठं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात असे ६६ रुग्ण १७ वर्षं नजरेखाली ठेवले. त्यांतल्या पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला.

हे पट्टे कोलॅजेनचे असतात. कोलॅजेन म्हणजे आपल्या कातडीला, स्नायूंच्या दोऱ्यांना बळकटी देणारं प्रथिन. त्याचे तीन धागे वेणीसारखे गुंफलेले असतात, हे मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५च्या सुमारास क्ष-किरणांच्याच साहाय्यानं दाखवलं. (नोबेल त्यांना मिळालं नाही, हा वेगळा विषय.) या धाग्यांना एकमेकांशी टाके घालून घट्ट करणारं एक विकर शरीरात असतं, आणि त्या विकराला काम करायला तांबं लागतं.

इथं संशोधकांचे कान टवकारले. सुपारीत तांबं बरंच असतं, इतर कठीण कवचाच्या सुक्या फळांपेक्षा जास्त. मग रोज तासन् तास गालात धरलेल्या सुपारीतून ते गालाच्या मांसात उतरत असेल का? विचारायला सोपा, पण उत्तर द्यायला महाकठीण असा हा प्रश्न. एक ग्रॅम मांसात तांबं असतं ते ग्रॅमच्या काही दशलक्षांश भागाएवढं. नेहमीच्या क्ष-किरण फोटोचा इथं काही उपयोग नाही. १८९५ साली राँटगेननं बायकोच्या हाताचा फोटो काढला, त्यात हाडं आणि अंगठी दिसली. तसला फोटो सावलीचा असतो. सावलीवरून आकार कळतो. वस्तू कशाची बनली आहे ते कळत नाही.

ते कळण्याची युक्ती वेगळी आहे आणि ती समजायला वाडीतल्या माणसाइतका चांगला गुरू नाही. रात्री ओटीवर पडल्या पडल्या त्याला आवाजावरून कळतं, की आता नारळ पडला, आता झावळ पडली, आता सुपारी टपकली. डोळे उघडावे लागत नाहीत. अणूचंही असंच आहे. त्याच्या गाभ्याजवळचा एखादा इलेक्ट्रॉन जोराचा धक्का देऊन बाहेर उडवला, की वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागी पडतो. पडताना तो क्ष-किरणाच्या रूपानं ऊर्जा टाकतो. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली. कॅल्शियमची ३.६९ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, लोहाची ६.४०, तांब्याची ८.०५, जस्ताची ८.६४. शोधकयंत्रानं फक्त कान देऊन बसायचं, आणि ८.०५चा टप्पा वर आला की म्हणायचं, इथं तांबं आहे. अणुक्रमांक आणि या ऊर्जा यांचं नातं १९१३ साली इंग्लंडच्या हेन्री मोस्लेनं मांडलं. दोन वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या रणांगणावर गोळी लागून मेला.

२००० साली लंडनचे चेतन त्रिवेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराच्या रुग्णांच्या गालाचे बारीक छेद अशाच पद्धतीनं तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. या सहकाऱ्यांत नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचे डॉ. विनय हजारे होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छेद ठेवायचा, त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा आणि उलट येणारे क्ष-किरण मोजायचे. रुग्णांच्या मांसात तांब्याची पातळी वाढलेली आढळली. डोळ्यांना जे एकसारखं लालसर मांस दिसतं, त्यात सुपारीची खूण अशी धातूच्या रूपानं सापडली.

मात्र तांबं एकटंच गुन्हेगार आहे असं कोणी समजू नये. सुपारीतलं अरेकोलिन नावाचं द्रव्यही गालातल्या पेशींना जास्त कोलॅजेन बनवायला लावतं, आणि टॅनिनं ते विरघळू देत नाहीत. बोर्डो मिश्रणाकडे बोट दाखवून बागायतदाराला आरोपी करणंही बरोबर नाही. फवारणीचा काही वाटा असावा असं अभ्यासक म्हणतात, पण तांबं झाडाला जगायलाच लागतं आणि ते जमिनीतून ते घेतंच. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तंबाखूशिवायची नुसती सुपारीही माणसात कर्करोग घडवते असा निर्वाळा दिला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. बंदी आली म्हणजे पुड्या गेल्या, असं मात्र रस्त्याच्या कडेला पाहून वाटत नाही.

मला या सगळ्यात अवघड वाटतं ते श्रीवर्धनच्या माणसाचं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळानं दिवेआगर-श्रीवर्धनच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. आजोबांनी लावलेल्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. लोकांनी पुन्हा रोपं लावली. पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात. एवढी वाट पाहणाऱ्याला सुपारी वाईट असं कोणत्या तोंडानं सांगायचं? पूजेच्या सुपारीनं कोणाचं तोंड बंद पडलेलं नाही. जेवणानंतरचं एखादं खांड आणि शाळकरी पोरानं दिवसभर गालात धरलेली गोड सुगंधी पुडी यांत फरक आहे, पण खांडाची सवय कधी लागते ते खाणाऱ्याला कळत नाही, हेही खरं.

मांसातल्या मूलद्रव्यांचा नकाशा काढणारी यंत्रं आता आणखी तीक्ष्ण झाली आहेत. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ नावाचं १७२.५ मीटर घेराचं वर्तुळाकार यंत्र आहे. त्याच्या एका किरणवाटेवर क्ष-किरणांचा अतिबारीक झोत नमुन्यावर बिंदू-बिंदू फिरवून कोणतं मूलद्रव्य नेमकं कुठं आहे ते पाहता येतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात, स्तनातून काढलेल्या गाठीवर क्ष-किरण कसे विखुरतात यावरून चरबी कुठली आणि कर्करोगाचं मांस कुठलं, हे ओळखायचे प्रयोग झाले आहेत.

यातलं काही श्रीवर्धनच्या दवाखान्यात येईल असं दिसत नाही, आणि रुग्णाला त्याची गरजही नाही. डॉक्टर पहिली तपासणी बोटांनी करतात. आपल्या हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालायची. मोठ्या माणसाच्या तोंडात ती साधारणपणे मावतात. दोनच मावत असतील आणि घरात पुडी किंवा पानाचा डबा असेल, तर उद्या सकाळी दंतवैद्याकडे जावं. आज रविवार आहे, दवाखाना बंद असेल.