चुली वाढल्या, भावकी आटली

जनगणनेची चर्चा सध्या जातीच्या नोंदीभोवती फिरते आहे. ती नोंद दुसऱ्या टप्प्यात व्हायची आहे. त्याआधीचा टप्पा घरयादीचा, २०२६च्या एप्रिल ते सप्टेंबरदरम्यान देशभर. ३३ प्रश्नांच्या त्या यादीत कुटुंब ठरतं ते चुलीवरून. एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. एकाच छपराखाली दोन भावांचे गॅस वेगळे असतील तर कुटुंबं दोन.

आकडे जाहीर झाले की ठरलेली हळहळ सुरू होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. १९९१मध्ये देशात एका कुटुंबात सरासरी साडेपाच माणसं होती, २०११मध्ये ४.९ उरली. त्या वर्षी सुमारे ७० टक्के घरांत एकच विवाहित जोडपं होतं. या जनगणनेत तो आकडा आणखी खाली गेलेला असेल आणि एकत्र कुटुंबाला पुन्हा एकदा श्रद्धांजली वाहिली जाईल.

ती वाहण्यापूर्वी मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचं १९५३चं ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ चाळावं. एकत्र कुटुंब ओळखायला बाईंनी चुलीखेरीज आणखी चार खुणा सांगितल्या होत्या : एक छप्पर, सामाईक मालमत्ता, एकत्र कुलाचार आणि नातं. जनगणना फक्त चूल पकडते. बाकीच्या खुणांवरून आजचं मराठी घर तपासलं तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

तळकोकणातलं एखादं चौसोपी घर घ्या. तीन भाऊ, तीन स्वयंपाकघरं, तीन वीजमीटर. एरवी कोणाच्या घरात कसली आमटी शिजली हे दुसऱ्याला वासावरूनच कळायचं. पण गणपती एकच, तोही माजघरात. त्या दिवसांत मुंबई-पुण्याहून चाकरमानी उतरतात, मोठं पातेलं माळ्यावरून खाली येतं आणि पंगत एकत्र बसते. सातबाऱ्यावर आजोबांच्या वारसांची नावं एकाखाली एक चढलेली असतात. वाटणी तोंडी झालेली, कागदावर क्षेत्र सामाईकच. सरकारी खात्यांचंही एकमत नाही. आयकर खातं ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ आजही मानतं, तर पीएम-किसानच्या लेखी शेतकरी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. एकच माणूस एका टेबलावर एकत्र, दुसऱ्यावर विभक्त!

चुली वेगळ्या होणं हे काही नव्या पिढीचं पापही नव्हे. मुंबईच्या गिरणगावातला कामगार वर्षानुवर्षं खाणावळीत जेवला आणि पगारातले पैसे मनीऑर्डरने गावी पाठवत राहिला. बायको, मुलं, म्हातारी आई गावच्या चुलीवर. अशा खाणावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणूनच प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. चुलीच्या हिशेबाने कामगारांची ती घरं फुटलेली होती. त्या कामगारांना आणि गावच्या त्यांच्या बायकांना तसं सांगून पाहायला हवं होतं.

समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी तर जुन्या सुवर्णकाळालाच टाचणी लावली. गुजरातमधल्या राधवाणज गावाची १८२५ची घरनिहाय नोंद त्यांनी अभ्यासली, तेव्हा तिथेही लहान घरांचाच भरणा दिसला. कारण सोपं आहे. अगदी स्वातंत्र्याच्या सुमारासही आपलं सरासरी आयुर्मान ३२च्या आसपास होतं. नातू मोठा होईपर्यंत आजोबा अनेकदा हयातच नसत, तर तीन पिढ्या एका ताटाशी बसणार कशा? आज आयुर्मान सत्तरीला पोहोचलं आहे. आजोबा-नातवांचा सहवास इतका दीर्घ पूर्वी क्वचितच असे.

मग काहीच बदललं नाही का? बदललं आहे, आणि ते चुलीपेक्षा खोल आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे. म्हणजे बाईमागे सरासरी दोन मुलंही नाहीत. एकुलत्या एका मुलाच्या मुलांना काका नाही, आत्या नाही. आईही एकुलती असेल तर मामा आणि मावशीही नाहीत. मामाच्या मुलीशी लग्नाला मराठी मुलखात पसंती असते, याची नोंद कर्वे यांनी केली होती. पुढच्या पिढीत मुळात मामाच शोधावा लागेल. कुटुंब उभं वाढतं आहे, आडवं आकसतं आहे. आणि आजारपणात रात्री जागायला, कर्जाला जामीन राहायला, लग्नात राबायला यायची ती ही आडवी माणसंच.

आपले कायदे मात्र जुन्या भावकीच्या भरवशावर उभे आहेत. २००७च्या ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याने अपत्यहीन वृद्धांची जबाबदारी त्यांच्या मालमत्तेच्या वारस नातेवाइकांवर टाकली. पुतणे-भाचे आहेत हे त्यात गृहीत आहे. ज्यांना ते नसतील, त्यांनी कोणाविरुद्ध अर्ज करायचा? एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या सरकारांना वृद्धांची काळजी घरच्यांवर सोपवणं आजवर स्वस्तात पडलं. आता ते चालणार नाही. घरी येणाऱ्या परिचारिका, वॉर्डावॉर्डांत वृद्धांसाठी दिवसभराची केंद्रं आणि त्यासाठी पालिकांच्या अंदाजपत्रकात वेगळी तरतूद, एवढं तरी जनगणनेचे आकडे हाती येताच व्हायला हवं.