गोळी झाडल्यानंतरचा पहिला तास

सराफ पेढीचे मालक, गावापासून दूर शेतवस्तीवर राहणारे बागायतदार, रोकड घेऊन प्रवास करणारे व्यापारी अशा ज्या मंडळींकडे परवान्याचे पिस्तूल किंवा बंदूक असते, त्यांच्या बोलण्यात एक विधान वारंवार आणि मोठ्या निःशंकपणे कानी पडते: ‘आत्मसंरक्षणासाठी गोळी झाडणे हा गुन्हाच नव्हे, मग पोलिसांनी गुन्हा नोंदवण्याचा, शस्त्र जप्त करण्याचा, अटक करण्याचा प्रश्न येतोच कोठे?’ या विधानाचा पूर्वार्ध खरा आहे, आणि तो खरा असल्यामुळेच उत्तरार्धावर लोकांचा विश्वास बसतो. या उत्तरार्धावर विसंबून गोळी झाडल्यानंतरच्या पहिल्या तासात माणसे असे काही करून बसतात की, जो बचाव त्यांना न्यायतः मिळायला हवा होता तोच त्यांच्या हातून नष्ट होतो.

प्रथम पूर्वार्ध पाहू. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खाजगी संरक्षणाचा अधिकार सांगतात. जुन्या दंड संहितेची ९६ ते १०६ ही कलमेच तेथे जवळजवळ जशीच्या तशी आली आहेत. या अधिकाराच्या वापरात केलेली कोणतीही गोष्ट अपराध ठरत नाही, असे कलम ३४ स्वच्छ सांगते. परंतु अमुक कृत्य या अधिकाराच्या वापरात घडले की नाही, हे ठरवायचे कोणी आणि कशाच्या आधारे? घटनास्थळी पोलीस पोहोचतात तेव्हा त्यांच्यापुढे एक जखमी किंवा मृत माणूस असतो, एक शस्त्र असते आणि ‘माझ्यावर हल्ला झाला’ असे सांगणारा एक गृहस्थ असतो. तो खरे बोलत असेलही. पण खून करून आलेला माणूसही नेमके हेच वाक्य उच्चारतो, आणि केवळ वाक्य ऐकून दोघांतील भेद कळण्याची सोय कोणत्याही फौजदाराजवळ नसते.

म्हणूनच दखलपात्र अपराध दर्शवणारी माहिती मिळताच गुन्हा नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली हा नियम निःसंदिग्ध शब्दांत सांगितला. ज्यांना एवढ्याने समाधान होत नाही त्यांनी मुंबईतील पोलीस चकमकींच्या प्रकरणांतून उद्भवलेला ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा २०१४ चा निर्णय पाहावा. चकमकीत पोलिसांच्या गोळीने मनुष्य मृत्यू पावला तर त्याविषयी गुन्हा नोंदवावा, तपास स्वतंत्र पथकाने करावा आणि संबंधित पोलिसांनी आपली शस्त्रे न्यायवैद्यक परीक्षेसाठी स्वाधीन करावीत, असे सरन्यायाधीश लोढा व न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने त्यात बजावले. कर्तव्यावर असलेल्या, गणवेशातील अधिकाऱ्याला जी सूट नाही, ती आपल्याला आपोआप मिळेल असे खाजगी परवानाधारकाने कोणत्या आधारावर मानावे? गुन्हा नोंदला जाणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे. जिच्यातून निर्दोषत्व सिद्ध व्हायचे त्या प्रक्रियेचा तो केवळ आरंभ आहे.

याच गैरसमजाच्या पोटातून एक भयंकर सल्ला जन्माला आला आहे, आणि तो देणारी माणसे शहाणी म्हणून वावरतात याचा मनस्वी संताप येतो. ‘चोर अंगणात पडला तर उंबऱ्याच्या आत ओढून घ्यावा, हातात सुरा नसेल तर ठेवून द्यावा, मग पोलीस काही करू शकत नाहीत,’ हा तो सल्ला. पुरावा नाहीसा करणे हा संहितेच्या कलम २३८ खाली आणि खोटा पुरावा रचणे हा कलम २२९ खाली शिक्षेस पात्र असा स्वतंत्र अपराध आहे, आणि मूळ गोळीबार कितीही न्याय्य असला तरी या अपराधांना आत्मसंरक्षणाचा बचाव लागू पडत नाही. शिवाय ही लबाडी टिकतही नाही. रक्ताचा ओघळ, फरशीवरील ओढल्याची खूण, सुऱ्याच्या मुठीवर नसलेले ठसे या गोष्टी बोलतात. आणि एक गोष्ट खोटी निघाली की त्या माणसाच्या शंभर खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही उडतो.

पंचनामा कसा होतो हे ज्याने जवळून पाहिले आहे तो असा सल्ला कधी देणार नाही. दोन पंचांसमक्ष प्रत्येक रिकाम्या पुंगळीभोवती खडूचे वर्तुळ काढले जाते, दाराच्या चौकटीसारख्या न हलणाऱ्या वस्तूपासून तिचे अंतर फितीने मोजून लिहिले जाते, पिस्तुलाचा क्रमांक व आत उरलेली काडतुसे नोंदवून ते पुडक्यात बांधले जाते, त्यावर लाखेची मोहोर उठते आणि चिठ्ठीवर पंचांच्या सह्या होतात. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या अपराधांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे, आणि जप्तीचे चित्रीकरण करण्याची कलम १०५ मध्ये. जवळून झाडलेल्या गोळीच्या जखमेभोवती काजळी व बारुदाच्या कणांचे ठिपके उमटतात; दुरून झाडलेल्या गोळीच्या जखमेभोवती ते दिसत नाहीत. ‘तो माझ्या अंगावर आला होता’ या तुमच्या म्हणण्याला याहून निःपक्षपाती साक्षीदार मिळणार नाही. जो माणूस घाबरून फरशी पुसतो, पुंगळ्या उचलतो, कपडे भिजत घालतो, तो पुष्कळदा स्वतःच्याच बाजूचा साक्षीदार घालवून बसतो.

तेव्हा काय करावे? धोका टळताच ११२ वर वर्दी द्यावी, जखमीसाठी १०८ वर रुग्णवाहिका मागवावी, आणि आपला पत्ता, आपण कोणते कपडे घातले आहेत व शस्त्र कोठे आहे हे दूरध्वनीवरच सांगावे. गोळीबाराची वर्दी ऐकून येणाऱ्या शिपायाला अंधारात हल्लेखोर कोण आणि घरमालक कोण हे ठाऊक नसते, म्हणून पोलीस येण्यापूर्वी शस्त्र कोणाच्या, विशेषतः मुलांच्या, हाती लागणार नाही अशा जागी खाली ठेवून त्यापासून दूर व्हावे, दोन्ही हात रिकामे व दिसतील असे ठेवावेत, एकदम धावत पुढे जाऊ नये आणि दिलेली आज्ञा त्या क्षणी वाद न घालता पाळावी; वाद घालण्याचे स्थान न्यायालय आहे. स्वतःला लागलेला मार, ओरखडे, फाटलेला सदरा यांची सरकारी डॉक्टरांकडून नोंद करून घेण्याचा आग्रह धरावा. आरोपीच्या अंगावरील गंभीर जखमांचा खुलासा फिर्यादी पक्षाला करता आला नाही तर तो दुबळेपणा महत्त्वाचा ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी सिंग प्रकरणात १९७६ साली सांगितले आहे.

बोलावे किती, हा दुसरा वादाचा विषय. ‘तोंडच उघडू नका’ म्हणणारे अमेरिकी चित्रपटांच्या प्रभावाखाली असतात, आणि ‘सगळे सांगून मोकळे व्हा’ म्हणणाऱ्यांना भेदरलेल्या मनाचे गुणधर्म ठाऊक नसतात. हल्ला झाला, प्राणभयाने मी गोळी झाडली, हल्लेखोराचे हत्यार तेथे पडले आहे, त्याचा साथीदार त्या दिशेने पळाला, अमक्याने हे पाहिले: एवढे तत्काळ सांगितलेच पाहिजे, कारण हत्यार हरवते आणि साक्षीदार पांगतात. मात्र किती गोळ्या झाडल्या, किती हातांवरून, किती सेकंदांत, याचे अंदाज करू नयेत. भीतीने व्याकुळ झालेल्या मनाला काळ व अंतर यांचे भान राहत नाही, आणि चुकीचा आकडा पुढे प्रयोगशाळेच्या अहवालाशी विसंगत ठरून प्रामाणिक माणसालाही खोटा पाडतो. ‘मी संपूर्ण सहकार्य करीन, सविस्तर जबाब वकिलांशी बोलून देईन,’ असे नम्रपणे सांगण्यात काहीही गैर नाही. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८० विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देण्यास बांधते, पण ज्या उत्तराने स्वतःवर फौजदारी आरोप ओढवेल ते देण्यास बांधत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चेही हेच अभिवचन आहे.

आता अधिकाराच्या सीमेविषयी. न्याय संहितेच्या कलम ३७ प्रमाणे आवश्यकतेहून अधिक इजा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. जय देव प्रकरणात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी एकीकडे असे सांगितले की, संकटात सापडलेल्या माणसाचे प्रत्येक पाऊल सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही. परंतु त्याच प्रकरणात पळत सुटलेल्या लोकांवर झाडलेल्या गोळ्यांना मात्र न्यायालयाने संरक्षण दिले नाही, कारण धोका संपला की अधिकारही संपतो. उलटपक्षी दर्शन सिंग प्रकरणात उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या आणि परवान्याच्या बंदुकीने गोळी झाडलेल्या माणसाची सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुक्तता केली. पाठ फिरवून पळणाऱ्यावर सूडाने झाडलेली गोळी आणि अंगावर येणाऱ्यावर झाडलेली गोळी यांतील अंतर कायदा जाणतो, आणि ते अंतर दाखवणारा पुरावा पहिल्या तासातच जपावा लागतो.

इतर काही समजुतींचा थोडक्यात परामर्श घेतो.

‘आधी हल्लेखोराला वार करू द्यावा लागतो.’ नाही, मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी धास्ती पुरेशी आहे.

‘कायद्याने पायावरच गोळी मारावी लागते.’ असा नियम संहितेत कोठेही नाही. निकष आवश्यकतेचा आहे.

‘कोणत्याही चोराला ठार मारता येते.’ नाही, मालमत्तेच्या रक्षणार्थ तो टोकाचा अधिकार जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे अशा कलम ४१ मधील मोजक्या प्रसंगांपुरता आहे.

‘अधिकार फक्त स्वतःपुरता.’ नाही, कलम ३५ दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणालाही तो देते.

‘पोलिसांपुढे बोललेली कबुली फासावर चढवते.’ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुराव्याविषयीच्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. त्यातून एखादी वस्तू हस्तगत झाली तर मात्र तेवढ्या भागाला अपवाद आहे.

‘तपासातील जबाबावर सही करावीच लागते.’ नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ प्रमाणे अशा जबाबावर देणाऱ्याची सही घ्यायचीच नसते.

‘वकील मागणे म्हणजे अपराध मान्य करणे.’ अनुच्छेद २२ ने दिलेला हक्क मागणे हा अपराधाचा पुरावा कधीच होत नाही. अटकेची कारणे कळण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जाण्याचा हक्कही तेथेच आहे.

न्यायालयात बचावाचा भार साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे आरोपीवर असतो, परंतु मुन्शी राम प्रकरणात १९६७ साली स्पष्ट झाल्याप्रमाणे तो भार केवळ संभाव्यतेच्या तोलाचा आहे. फिर्यादी पक्षाप्रमाणे संशयातीत सिद्धता आरोपीकडून अपेक्षित नाही. इतका हलका भार ज्याच्यावर आहे त्याला लपवण्यासारखे काहीच उरत नाही. म्हणून ज्याच्या घरात परवान्याचे शस्त्र आहे त्याने वकिलाचा दूरध्वनी क्रमांक, ११२ वर बोलावयाची चार वाक्ये आणि ‘कशालाही हात लावायचा नाही’ हा नियम घरातील प्रत्येक प्रौढ माणसाला आजच सांगून ठेवावा, आणि उंबऱ्याच्या आत ओढण्याचा सल्ला पुन्हा कोणी देऊ लागला तर त्याला तेथल्या तेथे थांबवावे.