विश्लेषण : फुकट सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस थकला तर? ओपन सोर्समधला 'बर्नआउट' आणि सुट्टीचा प्रश्न समजून घ्या

छत्रपती संभाजीनगर : संध्याकाळी उस्मानपुऱ्यात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतनातली मुलं चहाच्या टपरीवर जमतात. चहाचे पैसे यूपीआयनं जातात, स्पीकरमधून रक्कम मिळाल्याचा आवाज येतो आणि गप्पा पुढे सुरू राहतात. बँका, मोबाइल कंपन्या आणि सरकारी पोर्टल यांच्या सर्व्हरवर असंख्य सॉफ्टवेअर चालत असतात. त्यातली बरीचशी अशा लोकांनी लिहिलेली आहेत, ज्यांना त्यासाठी कुणी एक रुपयाही देत नाही.

दिवसभर नोकरी करायची आणि रात्री जेवणानंतर लॅपटॉप उघडून जगभरातल्या अनोळखी लोकांच्या तक्रारी सोडवायच्या. मराठीत याला घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात. पण भाकऱ्या भाजणारा थकला आणि त्याला थोडं थांबायचं असेल, तर? हा प्रश्न फक्त त्याच्या तब्येतीचा नाही, आपल्या सगळ्यांच्या सुरक्षिततेचाही आहे. २०२४ मध्ये ते जगासमोर आलं.

ओपन सोर्स फुकट सांभाळतं कोण?

ज्या सॉफ्टवेअरचा कोड कुणीही पाहू शकतो, वापरू शकतो आणि बदलू शकतो, ते ओपन सोर्स. लिनक्स, पायथन, फायरफॉक्स, अँड्रॉइडचा गाभा ही त्याची ओळखीची उदाहरणं. केंद्र सरकारनंही २०१५ मध्ये सरकारी यंत्रणांत ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं.

लिनक्ससारख्या मोठ्या प्रकल्पांवर कंपन्यांचे पगारी अभियंतेही काम करतात. पण त्यांच्या आजूबाजूला हजारो छोटे प्रकल्प आहेत. फाइल लहान करणारा एक, तारखेचं गणित करणारा दुसरा. असा प्रकल्प अनेकदा एकच माणूस सांभाळतो. त्याला 'मेंटेनर' म्हणतात. आलेल्या तक्रारी वाचणं, इतरांनी पाठवलेला कोड तपासणं, नवी आवृत्ती काढणं, सुरक्षेतल्या चुका दुरुस्त करणं ही त्याची कामं.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक अंदाज मांडला. जगात वापरलं जाणारं ओपन सोर्स कंपन्यांना स्वतः लिहून घ्यावं लागलं असतं, तर सुमारे ८.८ लाख कोटी डॉलर खर्च आला असता. त्याच वर्षी टाइडलिफ्ट या कंपनीच्या पाहणीत सुमारे ६० टक्के मेंटेनरनी आपल्याला या कामाचा मोबदला मिळत नसल्याचं सांगितलं. काम सोडलेल्या किंवा सोडण्याचा विचार केलेल्या मेंटेनरचं प्रमाणही सुमारे ६० टक्केच होतं.

बर्नआउट नेमकं कशाला म्हणायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची तीन लक्षणं दिली आहेत. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या, दीर्घकाळच्या ताणातून येणारी स्थिती, अशी तिची व्याख्या आहे.

आता ही व्याख्या नोकरीपुरती आहे. त्यामुळे 'आवडीनं, फुकट करतोय, मग थकवा कसला?' असा प्रश्न स्वयंसेवकांना हमखास ऐकावा लागतो. पण या शब्दाचा इतिहास वेगळंच सांगतो. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर एका मोफत दवाखान्यात काम करत होते. तिथले स्वयंसेवक आणि स्वतः ते कसे हळूहळू विझत गेले, हे पाहून त्यांनी १९७४ मध्ये 'बर्नआउट'वर लेख लिहिला. म्हणजे शब्द रुजला तोच सेवाभावानं काम करणाऱ्यांकडे पाहून.

स्वयंसेवकाची अडचण थोडी जास्तच असते. नोकरीत रजेचा अर्ज असतो, साप्ताहिक सुट्टी असते, आपलं काम दुसऱ्याकडे देणारा वरिष्ठ असतो. इथे अर्ज करायचा कुणाकडे?

थकलेल्या माणसाचा गैरफायदा कसा घेतला गेला?

'एक्सझेड युटिल्स' हे फाइल लहान करणारं सॉफ्टवेअर जवळपास प्रत्येक लिनक्स प्रणालीत असतं. फिनलंडचे लासे कॉलिन अनेक वर्षं ते जवळजवळ एकट्यानं सांभाळत होते. २०२१ मध्ये 'जिया टॅन' नावानं कुणीतरी मदतीला आलं आणि उपयोगी दुरुस्त्या पाठवू लागलं.

२०२२ च्या उन्हाळ्यात काही नव्या नावांनी कॉलिन यांच्यावर दबाव आणायला सुरुवात केली. नवी आवृत्ती का येत नाही? जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती का देत नाही? त्यातलं एक नाव चक्क भारतीय वाटणारं होतं. कॉलिन यांनी शांतपणे उत्तर दिलं. रस संपलेला नाही, पण बऱ्याच काळापासूनच्या मानसिक आरोग्याच्या त्रासामुळे मर्यादा आल्या आहेत आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हेही लक्षात ठेवा, असा त्याचा आशय होता. त्यावरही दबाव थांबला नाही.

पुढच्या काळात जिया टॅनला प्रकल्पाचे अधिकार मिळत गेले. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत या नावामागच्या व्यक्तीनं एक चोरदरवाजा लपवला. तो सर्वत्र पसरला असता, तर जगभरातल्या लिनक्स सर्व्हरमध्ये बाहेरून शिरता आलं असतं. सुरक्षा-धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० गुण मिळाले. दबाव आणणारी ती नावंही याच कटाचा भाग असावीत, असं सुरक्षा-तज्ज्ञांना वाटतं. जिया टॅन कोण, हे अजून उघड झालेलं नाही.

मायक्रोसॉफ्टमधले अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना एका चाचणीत सर्व्हरवर लॉगइन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं दिसलं. त्यांनी खोलात जाऊन शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार जगासमोर आणला. तोवर ही आवृत्ती बहुतेक करून चाचणीच्या प्रणालींतच पोहोचली होती, म्हणून थोडक्यात निभावलं.

बातमी फुटली तेव्हा कॉलिन सुट्टीवर होते. सहज मेल उघडली आणि त्यांना हे कळलं. ते परतले, कोड साफ केला आणि मे अखेरीस ५.६.२ ही सुरक्षित आवृत्ती आली. म्हणजे सुट्टीचा हक्क ज्याला सगळ्यात जास्त होता, त्यालाच ती अर्धवट सोडावी लागली.

मग सुट्टी घेतली की प्रकल्प बुडतो का?

नाही, आणि याची दोन मोठी उदाहरणं आहेत.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीची पायथन ही भाषा गिदो व्हॅन रॉसम यांनी तयार केली. अंतिम निर्णय त्यांचा, अशी अनेक वर्षांची पद्धत होती. २०१८ मध्ये भाषेतल्या एका बदलावरून प्रचंड वाद झाला. बदल मंजूर झाला, पण त्या जुलैत त्यांनी कळवलं की आपण थकलो आहोत, मोठी विश्रांती हवी आहे आणि या पदावरून आपण कायमची सुट्टी घेत आहोत. वारस त्यांनी नेमला नाही, ते काम समुदायावर सोडलं. २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांची समिती निवडून आली. त्या पाचांत एक गिदोही होते, पण आता भार पाचांत वाटला गेला होता. पायथन थांबली नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी काही काळ बाजूला होत असल्याचं जाहीर केलं. कारण थकवा नव्हतं. सहकाऱ्यांशी आपलं वागणं तुसडं आहे, ते सुधारायला मदत घ्यायची आहे, असं त्यांनी सांगितलं. ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी सूत्रं घेतली आणि लिनक्सची ४.१९ ही आवृत्ती ऑक्टोबरमध्ये बाहेर पडली. टोरवाल्ड्स परतलेही.

फरक लक्षात घ्या. गल्लीतल्या गणेश मंडळात गोदामाची किल्ली, वर्गणीचा हिशेब आणि मांडववाल्याचा नंबर एकाच कार्यकर्त्याकडे असेल, तर तो आजारी पडला की सगळं अडतं. किल्ल्या तिघांकडे असतील, तर तो निवांत गावी जाऊन येऊ शकतो. लिनक्सकडे दुसरी किल्ली तयार होती, पायथननं ती वेळेत करून घेतली. एक्सझेडमध्ये ती घाईत आणि दबावाखाली अनोळखी हातात गेली.

यात उस्मानपुऱ्यातल्या विद्यार्थ्यांचा काय संबंध?

संबंध थेट आहे. कॅम्पस मुलाखतीआधी 'गिटहबवर योगदान दाखव' असा सल्ला प्रत्येकाला मिळतो. त्यात चूक काहीच नाही. पण दाखवण्यापुरतं योगदान मेंटेनरच्या डोक्यावर बसतं.

'हॅक्टोबरफेस्ट' या वार्षिक उपक्रमात ठरावीक योगदानांवर टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये इतके निरर्थक बदल येऊन पडले की आयोजकांना उपक्रम सुरू असतानाच नियम बदलावे लागले. ज्या प्रकल्पाची इच्छा असेल, त्यातलंच योगदान मग धरलं जाऊ लागलं. २०२४ च्या सुरुवातीला 'एक्सप्रेस' या लोकप्रिय प्रकल्पावर असाच पूर आला. भारतातल्या एका शिकवणीच्या व्हिडिओत उदाहरण म्हणून दाखवलेली कृती विद्यार्थ्यांनी जशीच्या तशी खऱ्या प्रकल्पावर केली. माहितीच्या फाइलमध्ये स्वतःचं नाव घालून असे शेकडो बदल पाठवले गेले. प्रत्येक बदल कुणीतरी हातानं उघडून बंद केला.

प्रस्तुत प्रतिनिधीही यातून सुटलेला नाही. कॉलेजात असताना टी-शर्टच्या नादात एका अनोळखी प्रकल्पात मीही एक स्वल्पविराम 'दुरुस्त' करून पाठवला होता. पलीकडे कुणाची तरी रात्र खर्च होत असेल, हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं.

आता एआयनं लिहिलेल्या बनावट तक्रारींची भर पडली आहे. अब्जावधी उपकरणांत असलेल्या 'कर्ल' या सॉफ्टवेअरचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून जाहीरपणे सांगत आहेत की दिसायला नीटनेटक्या पण खोट्या सुरक्षा-तक्रारी तपासण्यात त्यांच्या गटाचा वेळ वाया जातो.

थांबायचं असेल तर काय करावं?

तुम्ही स्वतः एखादं ॲप, मराठी फॉन्ट किंवा छोटं सॉफ्टवेअर फुकट सांभाळत असाल, तर या गोष्टी उपयोगी पडतात :

• आजारी पडण्याची वाट पाहू नका. तक्रारीचा मेल आला की चिडचिड होते, आवडता कोड उघडावासा वाटत नाही, हे पुरेसं कारण आहे.

• प्रकल्पाच्या पहिल्या पानावर स्पष्ट लिहा : 'अमुक तारखेपर्यंत सुट्टीवर आहे. नव्या सुविधा होणार नाहीत.' कारण देणं बंधनकारक नाही, माफी मागणंही नाही.

• मोबाइलवरची नोटिफिकेशन बंद करा. नाहीतर सुट्टी नावापुरतीच उरते.

• आवृत्ती काढण्याचे अधिकार किमान दोन विश्वासू माणसांकडे ठेवा, आणि हे सुट्टीच्या आधी, निवांतपणे करा. 'आत्ताच दुसऱ्याला द्या' असा तगादा लावणाऱ्याकडे सावधपणे पाहा.

• परतायचंच नसेल, तर गिटहबवर प्रकल्प 'अर्काइव्ह' करता येतो. कोड सगळ्यांना दिसतो, पण नव्या तक्रारी आणि बदल येत नाहीत. वापरणाऱ्यांना खरी स्थिती कळते आणि ते पर्याय शोधू शकतात.

• झोप उडाली असेल, उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर हा नुसता थकवा समजू नका. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर २४ तास उपलब्ध असून तिथे मराठीतही बोलता येतं.

पैसे दिले तर प्रश्न सुटेल?

काही प्रमाणात. २०१४ मध्ये इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या 'ओपनएसएसएल'मध्ये 'हार्टब्लीड' ही गंभीर चूक सापडली. तेव्हा उघड झालं की जगभरातल्या कंपन्या वापरत असलेल्या या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला साधारण दोन हजार डॉलर. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला. भारतात 'झिरोधा'नं ऑक्टोबर २०२४ मध्ये दरवर्षी १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. त्यातून एका प्रकल्पाला १० हजार ते एक लाख डॉलरपर्यंत मदत मिळू शकते.

पैशानं नोकरी सोडून पूर्णवेळ काम करता येईल, दुसरा माणूस ठेवता येईल. पण रात्री अकराला येणारा 'अजून झालं नाही का?' हा मेल पैशानं थांबत नाही. तो पाठवणाऱ्यानंच थांबवायचा आहे.

म्हणून विद्यार्थ्यांसाठी एवढंच : बदल पाठवण्याआधी विचारा, 'कशात मदत हवी आहे?' इतरांच्या तक्रारी वाचून चूक खरंच होते का ते तपासून सांगा, सूचनांचं मराठी भाषांतर करा. हे दिसायला लहान, पण मेंटेनरचं ओझं खरोखर उतरवणारं काम आहे. मुलाखतीत सांगायलाही ते चांगलं. आणि एखाद्या प्रकल्पाच्या पानावर 'सुट्टीवर आहे' असं दिसलं, तर ती पाटी वाचून परत फिरा. तक्रार टाकू नका.